परतीची तारीख काय टाकू?

तिकीट काढताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तसं त्या जोडप्यालाही विचारलं, "परतीची तारीख काय टाकू?"

सांगलीकडची माणसं होती. मांडीवर सहा वर्षांचा मुलगा, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडाला मास्क. माझ्या टेबलावर एअरलाइनने कधीतरी भेट दिलेलं प्लॅस्टिकचं विमान आहे, त्याचा पंख तो नखाने खरवडत होता. रक्ताचा कर्करोग एकदा बरा होऊन उलटला होता. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने घ्यायचं कबूल केलं होतं, पैसे गोळा झाले होते, व्हिसाही हातात होता. माझ्या प्रश्नावर वडिलांनी बायकोकडे पाहिलं, तिने पोराच्या टोपीकडे. मग वडील म्हणाले, "ती तुम्हीच टाका दादा. तुम्हाला बरं वाटेल ती."

मी चार महिन्यांनंतरचा एक मंगळवार टाकला. मंगळवारी भाडं जरा कमी होतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

ठाण्यात बसून मी वीसेक वर्षं तिकिटं काढतोय. मेडिकल केस वर्षाला चार-पाच येतात आणि त्यांतल्या निम्म्या तरी मुलांच्या असतात. एवढ्या वर्षांत एक गोष्ट ठळक दिसली. आजारी मुलाला परदेशी न्यायचं ठरलं, की जाण्याची तयारी करायला अख्खं गाव उभं राहतं. शाळा पेटी फिरवते, आमदारांचं पत्र मिळतं, अनोळखी माणसं मोबाइलवरून पैसे पाठवतात, पासपोर्टच्या कचेरीतला माणूसही जरा लवकर हात चालवतो. पण मुळात न्यावं का, आणि परत आणल्यावर त्याला कोण बघणार, हे दोन प्रश्न कोणाच्याच टेबलावर नसतात. माझं म्हणणं असं, की ते सरकारी रुग्णालयांच्या टेबलावर असायला हवेत, नियमाने आणि लेखी. हे एका तिकीटवाल्याने सांगावं हे विचित्र आहे खरं, पण कुटुंब तिकिटाशी येतं तोवर बाकीच्या सगळ्यांची दारं ओलांडून आलेलं असतं.

आधी न्यावं का, याबद्दल. आपल्याकडे 'फॉरेनला नेलं' या शब्दांना एक वजन आहे. पोटच्या पोरासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाही, याची ती पावती असते. त्या पावतीची किंमत मी कमी लेखत नाही. पण मागच्या काही वर्षांत इथलं औषधशास्त्र कुठल्या कुठे गेलं आणि लोकांच्या डोक्यातला नकाशा मात्र जुनाच राहिला. मुलांच्या मेंदूतल्या गाठींवर प्रोटॉनचे किरण द्यायचे तर एकेकाळी देश सोडावा लागे. २०१९ साली चेन्नईत ते सुरू झाले आणि २०२३ साली आपल्या खारघरला, टाटा रुग्णालयाच्याच केंद्रात. खारघर म्हणजे ठाण्याहून गाडीने तासाभराच्या अंतरावर. त्यानंतरही माझ्याकडे प्रोटॉनसाठी परदेशाचं तिकीट मागायला एक कुटुंब आलं. त्यांना खारघरबद्दल माहीत होतं का, असं मी भीत भीत विचारलं. नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. ते उठून गेले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा बुकिंग बुडाल्याचा आनंद झाला.

कधी कधी विमानात बसायला हवं ते औषधाने, मुलाने नव्हे. २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या स्नायूंच्या आजारासाठी आईवडिलांनी लोकवर्गणीतून १६ कोटींच्या आसपास रक्कम उभी केली, ती बातमी बहुतेकांना आठवत असेल. केंद्राने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला, औषध अमेरिकेहून आलं आणि मुंबईतल्याच रुग्णालयात तिला दिलं गेलं. पुढे १ एप्रिल २०२३ पासून, दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात नोंदलेल्या आजारांसाठी कोणी स्वतःपुरतं औषध मागवलं तर त्यावरचं मूळ सीमाशुल्क सरसकट माफ झालं. त्याच धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती देशातल्या ठरलेल्या केंद्रांमध्ये मिळते आणि आपलं केईएम त्यांतलं एक. हे माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती आईबापांना माहीत असतं, ते विचारू नका.

मग सांगलीच्या त्या पोराला न्यायला हवं होतं की नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे, हो. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून घडवलेल्या सीएआर-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच संरक्षक पेशी बाहेर काढून, बदलून, कर्करोगाशी लढायला परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं, आणि परदेशातल्या किमतीच्या मानाने तो फारच स्वस्त. पण ती मान्यता १५ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी होती. पोरगा सहाचा. अमेरिकेत लहान मुलांसाठी असा उपचार २०१७ पासून आहे. तेव्हा नुसत्या त्या औषधाची छापील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती, रुग्णालयाचं बिल वेगळं. म्हणजे इथे जाण्याला कारण होतं. गंमत अशी, की हा सगळा हिशेब त्या वडिलांनी स्वतः, रात्री जागून, मोबाइलवर केला होता. बारावीनंतर आयटीआय केलेला माणूस. त्यांना एकही डॉक्टर असा भेटला नव्हता ज्याने कागदावर लिहून दिलं असेल, की होय, या मुलाला न्या, आणि का, ते हे.

आता विमानाबद्दल, कारण तिथलं मला खात्रीने बोलता येतं.

लोकांना विमान म्हणजे एसी खोली वाटते. ती डोंगरावरची खोली असते. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असताना आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ ठेवलेली असते. म्हणजे कळसूबाईच्याही वर, आणि तिथे पंधरा-सोळा तास बसून राहायचं. आपल्यासारख्या धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण नाशिकची एक चार वर्षांची मुलगी आली होती, जन्मापासून हृदयात दोष, ओठ जांभळट. तिची आई बोलत असताना मी माझ्या ड्रॉवरमधला, करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. ७८. ठाण्यात, जमिनीवर, पंख्याखाली ७८. त्यांच्या फाइलमध्ये गावातल्या डॉक्टरांचं एका ओळीचं प्रमाणपत्र होतं, 'फिट टू फ्लाय', खाली शिक्का.

मी त्यांना मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात परत पाठवलं. तिथे तिला मास्कमधून पंधरा टक्के प्राणवायू असलेली हवा देऊन आकडा किती उतरतो ते पाहिलं. विमानात काय होईल त्याची ती रंगीत तालीमच. आकडा चांगलाच उतरला. मग डॉक्टरांनी प्रवासभर मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लिहून दिला, एअरलाइनच्या वैद्यकीय विभागाने तो मंजूर केला, आणि आम्ही तारीख आठवडाभर पुढे ढकलली. ही तपासणी अवघड नाही. ती सुचवणारं माणूस मधे कोणी नव्हतं, एवढंच. तिकीटवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ऑक्सिमीटर असणं हा योगायोग आहे, व्यवस्था नाही.

अशा केसमध्ये मेडिफ नावाचा फॉर्म भरावा लागतो. एक भाग प्रवाशाने भरायचा, दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. तो एअरलाइनच्या डॉक्टरांकडे निदान दोन-तीन दिवस आधी पोचायला हवा. आमचे डॉक्टरसाहेब दुसरा भाग बहुधा ओपीडीत, पुढचा पेशंट आत येत असताना भरतात. हिमोग्लोबिनचा रकाना कोरा, ऑक्सिजनच्या रकान्यात 'इफ रिक्वायर्ड'. अहो, आकाशात 'इफ रिक्वायर्ड' असं काही नसतं. घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. छोटं मशीन न्यायचं तर ते त्या एअरलाइनला चालणारं हवं, आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या. त्या बॅटऱ्यांनाही मर्यादा, शंभर वॉट-तासांपर्यंत बिनबोभाट, एकशे साठपर्यंत परवानगीने, त्यावर नाहीच, आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत. स्ट्रेचर लागलं तर सहा ते नऊ सीटांची जागा जाते आणि भाडंही त्या हिशेबाने. आखातातून विमान बदलणार असाल आणि पोराच्या वेदनेसाठी कोडीन किंवा ट्रामाडॉल सोबत असेल, तर त्याची परवानगी आधी काढायची, नाहीतर दुबईला नको ते प्रश्न.

आणि एक खास आपल्याकडचा घोळ. जन्मतःच आजारी असलेल्या बाळाचे सगळे जुने कागद 'बेबी ऑफ सुनीता' अशा नावाने असतात. बारसं नंतर झालेलं, पासपोर्टवर नाव आर्यन, पुढे वडिलांचं, मग आडनाव. परदेशी रुग्णालयाच्या संगणकाला हे दोन वेगळे पेशंट वाटतात. एकदा पॅथॉलॉजीच्या स्लाइड तीन दिवस अशाच अडकून पडल्या होत्या, कारण डबीवर आईचं नाव होतं.

नियम अगदीच नाहीत असं नाही. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात घ्यायला नकार मिळाला, देशभर ओरड झाली, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ५ लाखांचा दंड केला. त्यानंतर नियम बदलला. आता प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका कंपनीला आली तर आधी विमानतळावरच्या डॉक्टरांनी प्रवाशाला तपासायचं, त्यांचं मत घ्यायचं आणि मगच ठरवायचं. काउंटरवरच्या पोराने तोंडाकडे बघून ठरवायचं नाही. चांगला नियम आहे. पण तो दार उघडून देतो. आत गेल्यावर मुलाचं काय होईल, हे त्या नियमाचं काम नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, उपचारांसाठी त्याहून जास्त लागले तर रुग्णालयाचं अंदाजपत्रक दाखवून पाठवता येतात. अडचण अंदाजपत्रकातच असते. ते शस्त्रक्रियेचं किंवा औषधाचं असतं. चार महिन्यांचं घरभाडं, आईबापांपैकी एकाची बिनपगारी रजा, घरी आजीजवळ ठेवलेल्या धाकटीची शाळा, यांतलं त्यात काही नसतं. सांगलीहून परळला आलेल्या माणसाला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. ह्यूस्टनला उतरलेल्या माणसाने काय करायचं? मराठी मंडळातलं एखादं घर उभं राहतं, राहतातच लोक, पण ते नशिबावर. आणि लोकवर्गणीचं आवाहन नेहमी 'उपचारांसाठी' असतं. परत आल्यावरच्या औषधांसाठी आवाहन केलं तर कोण पैसे देणार? बातमी संपलेली असते.

आता त्या परतीकडे येतो. अमेरिकेच्या व्हिसाची खिडकी ही बहुधा एकच जागा, जिथे परत येण्याचा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारतं. इथल्या डॉक्टरांचं पत्र, तिथल्या रुग्णालयाचं पत्र, पैशांचा पुरावा, आणि शिवाय तुम्ही परत येणार हे त्यांना पटवायचं. त्यांचं कारण वेगळं आहे. पण प्रश्न बरोबर आहे.

सांगलीचा मुलगा परत आला. मी टाकलेल्या मंगळवारी नाही, दोनदा तारीख बदलून, साडेपाच महिन्यांनी. आजार मागे हटला होता. मी खूश झालो आणि विसरलोही. मग एका दुपारी सांगलीहून फोन आला. पलीकडे बालरोगतज्ज्ञ होत्या. आवाज दमलेला. म्हणाल्या, "तुम्ही ट्रॅव्हल एजंट ना? त्या मुलाला ताप आहे. आईवडील म्हणतात की तिकडची डिस्चार्ज समरी तुमच्याकडे आहे." आणि खरंच होती. परतीच्या मेडिफबरोबर तिकडच्या रुग्णालयाने मला मेल केलेली, अठरा पानी. मूळ प्रत आणि सीडी एका बॅगेत होत्या, ती बॅग मुंबईला पोचलीच नव्हती. मी ती अठरा पानं सांगलीला पाठवली. त्या उपचारानंतर शरीरातल्या संरक्षक पेशींची एक फळीच नाहीशी होते, आणि कित्येक महिने, कधी वर्षं, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, द्यावं लागतं. हे त्या बाईंना माझ्या इनबॉक्समधून कळलं. उपचार ज्या औषधाने झाला ते त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

एका मुलाची जगातली सर्वांत महाग वैद्यकीय फाइल ठाण्यातल्या एका तिकिटांच्या दुकानात पडून होती. परळला नाही, केईएमला नाही, सांगलीच्या सिव्हिलमध्ये नाही.

इंग्लंडने हेच काम कसं केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे लहान मुलांच्या गाठींना लागणारं ते प्रोटॉनचं मोठं यंत्र नव्हतं. २००८ पासून त्यांची सरकारी आरोग्यसेवा निवडक रुग्णांना, त्यांत बरीच मुलं, अमेरिकेत पाठवू लागली. आधी तज्ज्ञांचं एक मंडळ कागद बघायचं, कोणाला जाऊन फायदा आहे ते ठरवायचं. ठरलं की उपचार, प्रवास, राहणं, सगळं सरकारी खर्चाने. परत आल्यावर मूल पुन्हा त्याच घरच्या डॉक्टरांच्या हाती. २०१८ च्या अखेरीला मँचेस्टरला स्वतःचं केंद्र सुरू झालं आणि मुलांना बाहेर पाठवायची गरजच सरत गेली. आपण श्रीमंत देश नाही, सगळ्यांचा खर्च सरकारने उचलावा असं मी म्हणत नाही. पण त्या व्यवस्थेतला सगळ्यात स्वस्त भाग कोणता होता? ते मंडळ. चार-पाच डॉक्टर आणि एक टेबल.

तेवढं महाराष्ट्रात होऊ शकतं. देशातली कर्करोग रुग्णालयं २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र आहेत, तिथले डॉक्टर पडद्यावर एकमेकांच्या केसेसवर चर्चा करतात. म्हणजे मांडव घातलेला आहे. मुंबईतल्या मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात मुलांच्या परदेशी उपचारांसाठी एक टेबल ठेवा. तिथे तीन कागद मिळावेत. पहिला, जाऊन काय मिळेल आणि इथेच किंवा औषध मागवून काय होऊ शकतं, हे साध्या मराठीत. दुसरा, प्रवासासाठी खरी तपासणी करून भरलेला मेडिफ. तिसरा, परत आल्यावर कोणता डॉक्टर, कोणतं औषध, ते इथे मिळतं का, नसेल तर स्वतःपुरतं आयात करायचा परवाना कोण काढणार. तो अर्ज फॉर्म १२ए वर करायचा असतो. मी तो तीन कुटुंबांना भरून दिलाय आणि माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

यावर ऐकू येणारी तक्रार मला ठाऊक आहे. सरकारी समिती म्हणजे तारीख पे तारीख, तोवर पोर जाईल. भीती खरी आहे. म्हणून हे टेबल परवानगी देणारं नको, सल्ला देणारं हवं, दहा दिवसांत. मंडळ नको म्हणालं आणि आईबाप तरी गेले, तर त्यांचा हक्क. त्यांच्याही परतीचा तिसरा कागद तयार झालाच पाहिजे. दुसरी तक्रार अशी, की 'नका जाऊ' हे कोण सांगणार, त्या आईच्या तोंडावर? मला विचाराल तर आत्ता ते कोणीच सांगत नाही म्हणून शेवटी ते विमान सांगतं. कार्गोच्या भाषेत एक कोड आहे, एचयूएम, म्हणजे मृतदेह. मी तो दोनदा बुक केलाय. दोन्ही वेळा मुलं होती, आणि दोन्ही वेळा इथल्या कोणा ना कोणा डॉक्टरला जातानाच ते दिसत होतं, असं नंतर कळलं. तसं त्यांनी आईबापांना सांगितलं असतं तरी ती गेली असती कदाचित. पण काय गाठीला बांधून जातोय, हे तरी कळलं असतं.

माझा स्वार्थ लपवत नाही. माझं पोट तिकिटावर आहे, आणि कोणी 'जाऊ का?' असं विचारलं तर 'नको' म्हणणारा मी शेवटचा माणूस असायला हवा. म्हणूनच ते मला विचारलं जाऊ नये.

सांगलीचा पोरगा आता आठ वर्षांचा आहे, महिन्याला एकदा सुई घ्यायला जातो. माझ्या संगणकावर 'मेडिफ' नावाचा फोल्डर आहे, त्यात त्याची अठरा पानं आहेत आणि आणखी बऱ्याच जणांची. मागच्या आठवड्यात हार्ड डिस्क बदलायला मुलगा आला होता. त्याने विचारलं, "काका, हे जुनं सगळं उडवू का?"